तिठ्यावरचं ताट

माझ्या बायकोला कुणीतरी मारलं, असं मी धरून चाललो होतो. कुणी, तेवढं शोधायचं बाकी होतं. सापडला की त्याचं डोकं फोडायचं, पुढचं पुढं. पोरगा म्हणायचा, "आबा, डोक्यातली नस फुटली. डॉक्टरनं फोटो दाखवला की तुम्हाला." दाखवला. काळ्या फोटोत पांढरा डाग. पण नस काय आपली आपण फुटते? सायकलची ट्यूबसुद्धा खिळा लागल्याबिगर फुटत नाही.

माझं शिक्षण चौथी. नोकरी मैलकुलीची, साताऱ्याकडच्या सरकारी रस्त्यावर. खड्डे भरायचे, गटारं उपसायची, मेलेली कुत्री उचलायची. बायकोनंही काही वर्षं माझ्याच गँगमध्ये रोजंदारीवर खडी वाहिली. अवसेच्या दुसऱ्या दिवशी तिठ्यावर, म्हणजे तीन रस्ते मिळतात तिथं, काहीतरी पडलेलं असायचंच. भाताचा मुटका, अंडं, लिंबू, गुलाल, कधी काळ्या चिंधीची बाहुली. घरात कुणाला बाधा झाली की त्याच्यावरून उतरून टाकतात, तो उतारा. जो ओलांडेल त्याला ती बाधा धरते. गँगमधलं कुणी जवळ जायचं नाही. मुकादम माझ्याकडं बघून म्हणायचा, "हं, काढ." मी आधी पहार टेकवायचो, कारण लोखंडाला असल्या गोष्टी भितात, आणि मग फावड्यानं उचलून गटारात फेकायचो. उभी नोकरी तेच केलं. मला काही झालं नाही, ते लोखंडामुळं, अशी माझी समजूत.

नातीला सांभाळायला म्हणून पोरानं आम्हाला न्यूझीलंडला आणलं. ऑकलंडच्या दक्षिणेला टाकानिनी, तिथं त्याचं घर. सगळी वस्ती नवी, सगळी घरं एका साच्यातली. रस्ते असे गुळगुळीत की बघून माझा जीव उगाच तळमळायचा.

मे महिन्यात, अवसेच्या दुसऱ्या सकाळी, बायको नातीला शाळेत सोडून आली. चहा टाकता टाकता म्हणाली, "अवं, त्या कोपऱ्यावर कुणीतरी उतारा ठेवलाय."

"इथं? गोऱ्यांच्यात?"

"अंडं हाय, लसूण हाय, पाव हाय, वर मध ओतलाय. चांगल्या ताटलीत मांडलंय. आपल्याकडं कुणी चांगली ताटली घालवंल का?"

"ओलांडलास का काय?"

"पोरगी पळत सुटली, तिच्या मागं मी. ओलांडला असंल. मरतीय का काय त्यानं?"

असं म्हणाली आणि आठवडा उलटायच्या आत मेली.

भाकरी थापत होती. मी टेबलाशी बसलेलो. हात थांबला, तोंड वाकडं झालं आणि आडवी झाली. जाता जाता कपाळ ओट्याच्या कोपऱ्यावर आपटलं. नारळ फोडल्यासारखा आवाज झाला. मी बोंब मारली. सूनबाई वरून धावत आली. घरूनच तिचं कॉम्प्युटरचं काम चालतं. तिनं फोन केला, अँब्युलन्स आली. त्यातला एक दांडगा पोरगा बायकोच्या छातीवर दोन्ही हातांनी दाबायला लागला. तिच्या बरगड्या मोडल्या. मी ऐकलं, सुकी काटकी मोडावी तसं. मी त्या पोराची मान मागून धरली आणि ओढला. त्याच्या गळ्यावर माझी नखं उठली. सूनबाई मला मागं खेचत ओरडत होती, "आबा, ते वाचवतायत त्यांना." वाचवलं कुठं? दोन दिवस नळ्या घालून ठेवली आणि मग नळ्या काढल्या.

इथं सरण नसतं. एका हॉलमध्ये पेटी सरकत्या पट्ट्यावर ठेवतात आणि पोरानं बटण दाबायचं. पोरानं दाबलं. कवटी फुटल्याचा आवाज ऐकल्याशिवाय माणूस गेला असं आमच्यात वाटत नाही. मी कान लावून बसलो, तर बाजाच्या पेटीची टेप लावलेली. बाहेर येऊन मी त्यांच्या दाराच्या काचेवर मूठ हाणली. काच जाड होती. हातच सुजला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात ते ताट. कुणाचं तरी दुखणं कुणीतरी उतरून ठेवलं आणि ते माझ्या बायकोनं अंगावर घेतलं. म्हणजे ज्यानं ठेवलं त्यानं मारलं. सूनबाईला बोलून दाखवलं तर ती म्हणाली, "आबा, प्लीज." एवढंच. आणि हातातलं भांडं घासत राहिली. घासलेलंच भांडं होतं ते.

स्वयंपाकघरात गावाकडून आणलेलं तिथीचं कॅलेंडर असतं. जूनमधल्या अवसेवर मी नजर ठेवून होतो. जून म्हणजे इथला हिवाळा, साडेपाचला काळोख. पोरगा बांधकामाच्या साइटवर इंजिनीअर, तो साताच्या आत येत नाही. गॅरेजमध्ये कुंपणाच्या कामाची पहार होती. आमच्या गँगच्या पहारीपेक्षा हलकी, पण लोखंडच. ती घेतली आणि कोपऱ्यावरच्या विजेच्या हिरव्या पेटीमागं उकिडवा बसलो. पाऊस भुरभुरत होता. गुडघे ओरडत होते.

ती आली. गोरी बाई, माझ्याच वयाची, अंगानं थोराड, पायात रबरी बूट, बरोबर एक जाडा काळा कुत्रा. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात ताट. रस्त्याकडेच्या गवताच्या पट्टीवर, बरोबर जिथं तीन वाटा मिळतात तिथं, तिनं ताट ठेवलं. काहीतरी पुटपुटली. आणि वळून चालायला लागली.

मी उठलो. "एय," मी ओरडलो. "थांब तिथं."

तिनं मागं बघितलं नाही.

उतारा ठेवणारानं मागं वळून बघायचं नसतं. हे मला ठाऊक, माझ्या आईला ठाऊक, आमच्या अख्ख्या तालुक्याला ठाऊक. साधी निरपराध बाई असती तर कुणी ओरडल्यावर मान तरी वळवली असती. ही नाक समोर धरून चाललेली. मला दुसरा पुरावा लागला नाही.

मी धावलो आणि पहार हाणली. डोक्यावरच मारायची होती, पण गवत ओलं, पाय सरकला आणि पहार तिच्या दंडावर बसली. ती कळवळली, तरी वळेना. मग मी तिचे केस धरले आणि तिचं तोंड माझ्याकडं फिरवलं. "माझ्या बायकोला का मारलंस?" असं मी मराठीत, तिच्या तोंडावर थुंकी उडेल इतक्या जवळून विचारलं. तिनं उत्तर दिलं ते बॅटरीनं. माझ्या जबड्यावर बसली. पुढचा दात जिभेवर आला. मी केस सोडले नाहीत, तिनं गुडघा घातला, आम्ही दोघं चिखलात पडलो. ती खाली, मी वर, मग मी खाली, ती वर. तिनं माझा कान पिरगाळला, मी तिच्या मनगटाला चावलो. माझं रक्त तिच्या गालावर सांडत होतं. तिचा कुत्रा आमच्याकडं ढुंकूनही न बघता ताटातलं अंडं खात होता.

खिडकीतून सूनबाईनं बघितलं. ती अनवाणी धावत आली आणि मला बगलेत हात घालून उपसला.

"विचार हिला," मी म्हणालो. "माझ्या बायकोला का मारलंस, विचार."

सूनबाई इंग्रजीत काहीतरी बोलली. फार थोडकं बोलली.

"माझं वाक्य एवढं लहान नव्हतं."

"आबा, तोंड मिटा. रक्त गिळताय तुम्ही."

तिनं आम्हा दोघांना घरात नेलं. एकाच टेबलाशी समोरासमोर बसवलं. गोऱ्या बाईच्या दंडावर गोठलेल्या मटारची पिशवी, माझ्या तोंडात फडका. बाईचा दंड वांग्यासारखा होत चालला होता. नातीला वरच्या खोलीत पाठवलं होतं, ती जिन्यावरून डोकावून इंग्रजीत विचारत होती की आबानं त्या लेडीला मारलं का.

मग बाई बोलली आणि सूनबाई सांगत गेली. बाईची एक देवी आहे, जुन्या काळातली, दुसऱ्या कुठल्या देशातली. नाव सांगितलं, माझ्या जिभेला वळलं नाही. तीन तोंडांची, तिठ्यावर राहते, बरोबर कुत्री असतात. चंद्र नसतो त्या रात्री बेवारस मेलेल्यांना घेऊन ती फिरते. त्यांना कुणी जेवू घालणारं नाही म्हणून हे ताट. ठेवायचं आणि मागं न बघता घरी जायचं. अशा बऱ्याच बायका आहेत म्हणे आता. स्वतःला चेटकिणी म्हणवून घेतात, आपल्या तोंडानं.

"चेटकीण म्हणते ना स्वतःला? मग झालं की."

"तसली नाही, आबा."

"मागं का बघायचं नाही, विचार."

विचारलं. "बघितलं तर ते लाजतात, जेवत नाहीत, असं म्हणतायत त्या."

आमच्यात काय वेगळं सांगतात? मी फडका काढून तांबडं थुंकलो. "तिला सांग, माझ्या बायकोनं हिचं ताट ओलांडलं आणि ती मेली."

या वेळी सूनबाईनं सगळं सांगितलं असावं, कारण बाईचा चेहरा उतरला. मग म्हणाली, इथं ही घरं व्हायच्या आधी घोड्यांची कुरणं होती, तेव्हापासून ती तिथं ताट ठेवते. शाळेची पोरं त्यावरून उड्या मारतात, कुरिअरवाला गाडी घालतो, सगळी गल्ली ओलांडते. कुणाला काही झालेलं नाही.

"मग माझीच का मेली?"

सूनबाईनं विचारलं. विचारताना तिचा आवाज चिरका झाला.

"त्या म्हणतात, मला माहीत नाही."

तेवढ्यात पोलीस आला. गल्लीत कुणीतरी फोन केला असणार. दाराएवढा उंच पोरगा, आत येताना मान वाकवून "किया ओरा" म्हणाला, म्हणजे इथला रामराम. टेबलाशी दोघं रक्तबंबाळ म्हातारे बघून जरा वेळ त्याला कुणाला धरावं ते कळेना. बाईनं त्याला सांगितलं, गवतावर पाय घसरला, मी पडले, हा उचलायला आला, माझ्या बॅटरीनं याचा दात पडला. पोलीस माझ्या हातातल्या तिच्या केसांच्या पुंजक्याकडं बघत होता. पण वहीत काही लिहिलं नाही.

तो गेल्यावर सूनबाईनं तिला विचारलं, खोटं का सांगितलं. बाई म्हणाली, "त्यानं एक हाणली, मी एक हाणली. माझी जास्त बसली, त्याचा दात पडला. आजच्या रात्री देवीच्या रस्त्यावर पोलिसाचं काम नको."

पोरगा आला तेव्हा ती निघून गेली होती. त्यानं सगळं ऐकलं आणि माझी कॉलर धरून मला फ्रिजवर आपटलं. वरचे डबे खाली आले. "आम्हाला इथं नागरिक व्हायचंय, आबा. तुम्ही म्हाताऱ्या बाईला पहारीनं मारता? जाता का परत? तिकीट काढू?" त्याचा हात उगारलेला होता. मी म्हणालो, "मार. तुझी आई नाही आता मधी पडायला." त्यानं हात खाली घेतला आणि ओट्याला धरून हुंदके द्यायला लागला. सूनबाई डबे गोळा करत होती. तिनं आमच्या दोघांपैकी कुणाकडंच बघितलं नाही.

महिनाभर मी घराबाहेर पडलो नाही. खरं सांगायचं तर बायको मेली त्यापेक्षा हा महिना वाईट गेला. आधी निदान कुणाला तरी मारायचं होतं. सकाळी उठायला कारण होतं. आता मूठ वळायची आणि समोर कुणी नसायचं. रात्री उशीच हाणायचो.

जुलैची अवस आली. आपल्याकडची दिव्याची अवस. सूनबाईनं सासू करायची तसे कणकेचे दिवे उकडले, गूळ घालून. दोन दिवस आधी ती गोरी बाई दारात येऊन गेली होती, हात गळ्यात बांधलेला. सूनबाईला म्हणाली, काळोख्या रात्री तिच्या मागच्या अंगणात बायका जमतात, ये. आणि त्या म्हाताऱ्यालाही आण. पुरुषांना घेत नाहीत, बाकीच्या बायका नको म्हणतायत, पण देवीच्या तिठ्यावर जो इतका चिडला त्याला बाहेर ठेवण्यात काय अर्थ आहे.

पोरगा म्हणाला, अजिबात नाही. सूनबाई म्हणाली, "मी जाणार आहे." इतक्या वर्षांत मी तिला असं बोलताना ऐकलं नव्हतं. मी गेलो ते खात्री करायला. अजून मनात संशय होता. करणी करत असेल तर अंगणात दिसलीच असती.

अंगणात विटांच्या ब्लॉकची भिंत, तिच्यापुढं एका टेबलावर देवी. मूर्ती मातीची, हातभर, खरंच तीन तोंडं. पुढं लसूण, डाळिंब, मेणबत्त्या. सूनबाईनं कणकेचे दिवे तिथंच ठेवले आणि लावले. कुणी हरकत घेतली नाही, एकीनं वास घेऊन "गोड आहेत का?" असं विचारलं. सात-आठ बायका, तरण्या, म्हाताऱ्या, एकीच्या पायात थंडीतसुद्धा जँडल, म्हणजे रबरी चपला. आणि भिंतीशी क्रेटमध्ये ताटं, बशा, कप. जुन्या सामानाच्या दुकानातून आणलेले. मी म्हटलं, जेवण मोठं दिसतंय.

जेवण नव्हतं. फोडायची होती. चंद्र नसताना या देवीपुढं रडायचं नसतं म्हणे, राग ओतायचा. ज्याच्यावर राग त्याचं सांगायचं आणि ताट भिंतीवर घालायचं. त्याआधी बाईनं सगळ्यांना प्लॅस्टिकचे चष्मे वाटले, डोळ्यात कपची जाऊ नये म्हणून. चाळीस वर्षं खडी फोडली, मला सरकारनं चष्मा दिला नव्हता. या चेटकिणीनं दिला.

पहिली बाई नवऱ्याबद्दल बोलली. त्यानं तिची बोटं दारात चिरडली होती. ताट भिंतीवर असं घातलं की कपच्या आमच्या पायाशी आल्या. दुसरी आईबद्दल बोलली, आणि बोलली कसली, किंचाळली. एकापाठोपाठ एक. भिंत पांढरी होत गेली. शेजारचं कुत्रं भुंकून भुंकून गप्प झालं. सूनबाई माझ्या कानाशी सांगत होती, मग सांगायची थांबली. तिची पाळी आली होती.

ती इंग्रजीत सुरू झाली, अडखळली आणि मराठीत आली. भिंतीकडं तोंड करून बोलत होती.

"त्या दिवशी सकाळी आई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, डोकं फुटतंय गं, असं कधी दुखलं नव्हतं. मी डोकेदुखीची गोळी दिली. माझी मीटिंग होती. मी म्हटलं, पडा थोडा वेळ. आणि मी दार लावून घेतलं. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला नाही, यांना नाही, डॉक्टरला नाही." तिनं ताट टाकलं नाही. ते तिच्या हातातच होतं. ती माझ्याकडं वळली. "तुम्ही कोपऱ्यावर शोधत होता, आबा. मी घरात होते."

बायकांना काही समजलं नाही, पण पुढचं ताट कुणी उचललं नाही.

मला हवा होता तो सापडला होता. हातभर अंतरावर उभा होता. माझ्या हातात जाड काठाचं ताट, आणि माझा हात वर गेलेला मलाच दिसला. गोरी बाई तिच्या बांधलेल्या हातानिशी मधे यायला निघाली, मी तिला खांद्यानं बाजूला केलं. सूनबाई हलली नाही. चष्म्याच्या आत वाफ धरली होती, तिचे डोळे दिसत नव्हते. डोकं जरासं पुढं केलं होतं तिनं. मार खायलाच आली होती ती तिथं. दोन महिने मला भाकरी वाढत होती आणि वाट बघत होती, कधी कळतंय आणि कधी मारतोय.

मी विचारलं, "पडली का ती मग? तू सांगितल्यावर?"

"नाही. म्हणाल्या, भाकऱ्या कोण टाकणार."

ही माझी बायको. बाकी कुणी सांगितलं असतं तर मी खोटं म्हटलं असतं, पण हे वाक्य दुसऱ्या कुणाला सुचणार नाही. मला सांगितलं असतं डोकं दुखतंय म्हणून, तरी मी काय केलं असतं? म्हटलं असतं, चहा घे. उठलो पण नसतो खुर्चीवरून. आणि मला तर तिनं सांगितलंच नाही. समोर बसलो होतो मी, भाकरीची वाट बघत.

"तू नाही मारलंस," मी म्हणालो. "सरक तिकडं."

ती सरकली. मी ते ताट भिंतीवर घातलं, उभ्या जन्मात जेवढ्या जोरानं घण मारला तेवढ्या जोरानं. आणि शिव्या दिल्या. बायकोला. भवाने, डोकं फुटायला आलं तरी भाकऱ्या थापतीस, कुणाच्या बापाच्या भाकऱ्या? मला सांगायचं नाही, पोराला सांगायचं नाही, आणि परक्या मुलखात मला टाकून जायचं? इथं मला दूध आणायला बोलता येत नाही, तुला ठाऊक नव्हतं? ओली शिवी, सुकी शिवी, रस्त्यावर शिकलो त्या सगळ्या. तिच्या जिवंतपणी मी तिला असं कधी बोललो नव्हतो. बोललो असतो तर तिनं तवा घातला असता डोक्यात.

हात मागं केला तर सूनबाईनं दुसरं ताट हातात दिलं. मी ते घातलं. तिनं आपलं घातलं, नेम चुकला, कुंडी फुटली. मी म्हणालो, "खांद्यातनं टाक, मनगटातनं नको." तिनं पुढचं नीट टाकलं. टाकताना ती पण सासूला बोलत होती, हुंदके देत, "का नाही पडलात तुम्ही, का नाही पडलात." आम्ही क्रेट रिकामा केला, दुसऱ्या बायकांचा वाटा पण संपवला. खांदा निखळल्यागत झाला होता, पडलेल्या दाताच्या खाचेतून परत रक्त यायला लागलं होतं. मी रिकाम्या क्रेटमध्ये हात घालून चाचपत होतो.

गोऱ्या बाईनं ते बघितलं. घरात गेली आणि चांगल्या हातानं, छातीशी धरून, स्वतःची जेवायची ताटं घेऊन आली.